दुपट्ट्याखालची दोन बोटं

अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. जेवणाच्या सुटीत मी ऑफिसातून खाली उतरलो तो पान खायला, आणि वर आलो तो जलरंगाची डबी घेऊन. पुढचं सगळं रामायण एवढ्याशा गोष्टीवरून घडलं. नागपुरात सदरला आमच्या पानठेल्याला लागूनच स्टेशनरीचं दुकान होतं, त्याला मी तरी काय करणार?

खरं कारण म्हणजे आमचे हेडक्लार्क दादाजी. त्यांनी काढलेलं धबधब्याचं चित्र ऑफिसात पाण्याच्या माठावर टांगलेलं होतं. पाणी प्यायला जाणारा प्रत्येक माणूस मान वर करून "वा, दादाजी" म्हणायचा. (मी तर घरूनच पाण्याची बाटली आणायला लागलो होतो.) दिवाळीनंतर कर्मचारी करमणूक मंडळाचं चित्रप्रदर्शन होतं. मी आपलं सहज म्हटलं, "मी पण देईन म्हणतो एखादं." दादाजींनी माझा हात हातात घेतला, भेंड्या निवडाव्यात तशी माझी बोटं उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाले, "ही चित्रकाराची बोटं नाहीत. ही शिक्का मारायची बोटं आहेत."

सगळं सेक्शन हसलं. मी दिवसभर शिक्के मारतो हे खरं आहे. पण माणसाच्या बोटांबद्दल असं चारचौघांत बोलतात का? मी तडक खाली उतरलो.

संध्याकाळी नंदनवन वसाहतीत घरी पोचलो तेव्हा माझ्या अंगात काहीतरी संचारलेलं होतं. गोपिका, म्हणजे माझी बायको, तांदूळ निवडत होती.

"हे काय आणलं?"

"वॉटर कलर. मी आता निसर्गचित्रं काढणार."

"काहून?"

या 'काहून'ला उत्तर देता येईल असा नवरा नागपुरात अजून जन्माला यायचा आहे. मी डबी उघडून दाखवली. बारा रंगांच्या बारा वड्या, दोन कुंचले आणि इंग्रजीत छापलेलं एक चिमुकलं पुस्तक. ते मी त्या रात्री जेवताना वाचलं, जेवल्यावर वाचलं आणि झोपताना गोपिकेला वाचून दाखवलं. त्यात लिहिलं होतं की चित्रकारानं एक डोळा मिटून पाहावं, कुंचला हात लांब करून समोर धरावा आणि त्यावर अंगठा सरकवून मापं घ्यावीत. आणि पाण्याची कंजुषी करू नये. शेवटची सूचना मला फार आवडली. इतका आनंद मला प्रमोशनच्या ऑर्डरनंही झाला नसता. (ती आली नव्हती म्हणून नक्की सांगता येत नाही.)

आठवडाभर मी गच्चीवर बसून नंदनवन रंगवलं. तेव्हा तिथे अर्धीमुर्धी बांधलेली घरं आणि मुरूम, एवढंच होतं. पहिलं चित्र गोपिकेपुढे धरलं तर ती बराच वेळ पाहून म्हणाली, "हे कोणत्या बाजूनं धरायचं असते?" मी खचलो नाही. चूक माझ्या हाताची नव्हती, देखाव्याचीच होती. आणि देखावा म्हटला तर माझ्या सासुरवाडीसारखा देखावा दुसरा कुठला? काटोलजवळ सासऱ्यांचा संत्र्याचा बगीचा, आणि दिवाळीत फळं अर्धी हिरवी, अर्धी शेंदरी झालेली. दोन्ही रंग माझ्या डबीत होते.

दिवाळीला बसमधून जाताना मी ड्रॉइंग बोर्ड मांडीवर उभा धरला होता, त्यामुळे पुढचं काही दिसलं नाही. पण मन नुसतं उड्या मारत होतं.

माझे सासरे बाबाराव हा कमी बोलणारा माणूस. जावई म्हणून मान देण्यात कसर नाही. पण दर दिवाळीला ते मला विचारतात, "मंग, ऑफिसात तुमी नेमकं काय करता?" मी सविस्तर सांगतो. ते "हाव का" म्हणतात आणि पुढच्या दिवाळीला परत विचारतात. त्या वर्षी त्यांचं लक्ष त्याच्यातही नव्हतं. विहिरीवरचं जुनं इंजिन दम्याच्या पेशंटसारखं खोकत होतं. संत्र्याचा बहार चांगल्या भावात गेला तर नवं इंजिन बसणार, नाही तर उन्हाळ्यात झाडं वाळणार, असा मामला होता. बहार जातो म्हणजे काय, तर व्यापारी झाडावरची फळं पाहून अंदाज करतो, सगळ्या बगीच्याचा एकदम सौदा करतो आणि मग तोडणी त्याची. हे मला सगळं नंतर कळलं. लग्नाला सात वर्षं झाली होती, पण मी तिथे जायचो तो अनारसे खायला.

भाऊबीज झाल्यावर दुसऱ्या दिवशी सासरे तालुक्याला इंजिनाची चौकशी करायला गेले आणि मी सकाळीच बगीच्यात ठाण मांडलं. काय सकाळ होती. ओळीनं झाडं, बुंध्यांना चुना फासलेला, फांद्या वाकलेल्या, आणि मागे निळसर टेकाड. मी एक डोळा मिटला. कुंचला समोर धरला, अंगठा वरखाली सरकवला, एकेका झाडाचं माप घेऊन कागदावर पेन्सिलीनं खुणा केल्या. मग पाणी ओतलं. (कंजुषी न करता.)

ऊन चढलं तशी एक अडचण आली. डबीतले रंग वाळून तडकायला लागले. तेव्हा मला एक युक्ती सुचली, आणि अजूनही मला वाटतं की युक्ती म्हणून ती उत्तमच होती. मी बोर्ड मागच्या बुंध्यापाठी टेकवला, उन्हासाठी डोक्याला गुंडाळलेला सासऱ्यांचा दुपट्टा पाण्यात भिजवला, मांडीवरच्या डबीवर पांघरला आणि दुपट्ट्याखाली हात घालून रंग कालवायला लागलो.

त्याच वेळी पांढरी टोपी, धोतर आणि काखेत छत्री असा एक माणूस झाडांतून आला आणि बराच वेळ लांबून माझ्याकडे पाहत राहिला. मी मुद्दाम आणखी एक डोळा मिटला. (म्हणजे उघडा होता तोही. मग लक्षात आलं.)

"राम राम," तो म्हणाला. "बाबारावचे जावई ना तुमी? मी भैयाजी."

"राम राम. मामाजी काटोलला गेले आहेत."

"असं. म्हणजे या साली तुमीच बसले."

"सकाळपासून बसलोय."

"मापं तर बारीक घेऊन राहिले तुमी. पाह्यलं मी." तो माझ्याजवळ उकिडवा बसला. "मंग, काय म्हणते बगीचा?"

आजवर माझ्या चित्राबद्दल स्वतःहून विचारणारा हा पहिला माणूस.

"वरचा भाग सोपा गेला," मी म्हणालो. "खालच्या झाडांनी मात्र दमवलं."

"खाली पाणी कमी पडलं असंन."

"कमी कसलं, जास्त झालं. सगळं एकमेकांत उतरायला लागलंय."

भैयाजीनं गंभीरपणे मान हलवली. इकडेतिकडे पाहिलं. मग काही न बोलता त्यानं आपला उजवा हात माझ्या दुपट्ट्याखाली घातला आणि माझी दोन बोटं धरून हळूच दाबली.

आता मला सांगा, मी काय समजायचं? ज्या बोटांना दादाजी शिक्क्याची बोटं म्हणाले, ती बोटं हा खेड्यातला रसिक न पाहता, नुसत्या स्पर्शानं पारखत होता. माझ्या अंगावर काटा आला.

"एवढ्यात जमते का?" त्यानं खालच्या आवाजात विचारलं.

कुंचला मी अंगठा आणि तर्जनी यांतच धरतो. पुस्तकात तसंच लिहिलं होतं. मी म्हणालो, "जमतं की. दोनच बोटं लागतात. बाकीची उगाच असतात."

भैयाजी माझ्याकडे पाहतच राहिला. "पक्कं?"

"एकदम पक्कं," असं म्हणून मीही त्याची दोन बोटं प्रेमानं दाबली.

त्यानं हात बाहेर काढला. दोन्ही बोटं शेंदरी झाली होती, कारण खाली डबी उघडीच होती. ती बोटं पाहून तो खूश झाला. "शगून चांगला हाय," तो म्हणाला. "उद्या सकाळी नारळ घेऊन येतो."

तो गेला आणि मी उरलेलं चित्र कसं पुरं केलं ते माझं मलाच माहीत नाही. नारळ! माणसाला नारळ केव्हा देतात? सत्काराच्या वेळी. मी ओलं चित्र दोन्ही हातांनी आडवं धरून शेताच्या बांधावरून जवळजवळ पळतच घरी आलो.

"गोपिका, उद्या सकाळी माझा सत्कार आहे."

"कशाचा?"

"कलेचा. भैयाजी म्हणून कोणी रसिक आहेत. नारळ घेऊन येणार आहेत."

सासूबाई, प्रयागबाई, चुलीपुढून म्हणाल्या, "तो भैयाजी? तो तं संत्र्याचा व्यापारी हाय. त्यानं आजपर्यंत कोणाले पान नाई खिलवलं."

"कलेपुढे माणूस बदलतो," मी म्हणालो.

सासरे दुपारच्या बसनं परत आले. मी त्यांनाही हौसेनं सगळं सांगितलं. ते पाय धुवत होते. धुता धुता थांबले.

"दुपट्ट्यात हात घातला व्हता का त्यानं?"

"हो."

"तुमचा हात दुपट्ट्याखाली व्हता?"

"हो ना. रंग वाळत होते."

"किती बोटं दाबले?"

"दोन. आणि मी पण दोन दाबली."

सासरे ओल्या पायानं बाजेवर बसले आणि लोटा हातात तसाच राहिला. मग गोपिकेनं मला त्या भागातली रीत सांगितली. व्यापारात भाव तोंडानं बोलत नाहीत, कारण शेजारचा ऐकतो. दुपट्ट्याखाली हात घालतात आणि बोटांवर बोलतात, आणि सौदा पक्का झाला की नारळ देतात. बगीच्यात दुपट्ट्याखाली हात घालून बसलेला माणूस म्हणजे सौद्याला बसलेला माणूस, हे तिथलं शेंबडं पोर सांगेल.

"मागच्या साली चार बोटं झाले व्हते," सासरे म्हणाले. "या साली फळ जास्त हाय. मी पाचच्या खाली उतरणार नव्हतो."

म्हणजे मी बहार निम्म्याहून कमी भावात विकून आलो होतो. आणि वर 'बाकीची बोटं उगाच असतात' असंही सांगून आलो होतो.

"मग त्यांना सांगून टाकू ना, की मला माहीत नव्हतं," मी म्हणालो. आवाज माझाच होता, पण कुठून तरी लांबून येत होता.

"बाबा, खरंच सांगून द्या," गोपिका म्हणाली. "यायले काही समजत नाही, हे त्यालेबी पटंन."

"असं नाई होत वं पोरी. हात जावयाचा असला तरी दुपट्टा माह्या घरचा हाय. दुपट्ट्यातला शब्द मोडला तं उद्या मले बाजारात कोण उभं करते?" मग माझ्याकडे वळून अगदी सौम्यपणे म्हणाले, "तुमी वाईट वाटून नका घेऊ, जावईबापू. इंजिन पुढच्या साली पाहू."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मला खरोखर रडू आलं. त्या संध्याकाळी मी दोनच अनारसे खाल्ले. सासूबाईंना माझी दया आली असावी. माझं चित्र ओलं पाहून त्यांनी ते अंगणात कपडे वाळत घालायच्या तारेवर, आपलं लुगडं आणि उशीचे अभ्रे यांच्यामधे चिमटे लावून टांगलं. "सकाळपर्यंत खडखडीत वाळते," त्या म्हणाल्या.

सकाळी पाहतो तो काय. जलरंग आडवे वाळवायचे असतात, हे पुस्तकात होतं, पण पुस्तक सासूबाईंनी वाचलं नव्हतं. त्यात रात्रभर दव पडलेलं. सावलीसाठी मी हिरव्यात भरपूर काळा मिसळला होता. तो सगळा काळा सुटून पानापानांवरून खाली ओघळला होता. एकही झाड त्यातून वाचलं नव्हतं. मी ते काढायला हात वर केला आणि तेवढ्यात फाटकातून भैयाजी आला, पिशवीत नारळ घेऊन.

सासरे उठून उभे राहिले. "ये भैयाजी. बस."

पण भैयाजी बसला नाही. तो चालता चालता तारेपाशी थांबला होता.

"हा तुमचाच बगीचा ना?"

"आमच्या जावयानं काढला," सासूबाई कौतुकानं म्हणाल्या.

भैयाजीनं चित्राला नाक लावलं. "हे काळं काहून हाय पानावर?"

मग त्यानं मलाच विचारलं, "पाण्यानं उतरलं का? बिघडलं का चित्र?"

इथे मी 'हो' म्हणायला पाहिजे होतं. पण तुम्ही माझी अवस्था लक्षात घ्या. कालपासून मी त्या घरात मूर्ख ठरलो होतो. बहार गेला होता, इंजिन गेलं होतं, सत्कारही गेला होता. माझ्याजवळ उरलं होतं ते एक चित्र. तेही बिघडलं म्हणून मी याच्यासमोर कबूल करू?

"मुळीच बिघडलेलं नाही," मी ताठ मानेनं म्हणालो. "जसं दिसलं तसंच काढलंय. एक ठिपकासुद्धा मनाचा घातलेला नाही."

भैयाजीनं माझ्याकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं. मग सासऱ्यांसमोर हात जोडले.

"समजलो, बाबाराव. तुमच्या बगीच्याले कोळशी लागली. काल शब्द झाला, तुमाले तोंडानं सांगता नाई आलं, म्हणून तुमी चित्र आंगणात टांगून ठेवलं. एवढा सरळ माणूस म्या नाई पाह्यला. शब्द मीच परत घेतो. तुमच्यावर काही बोल नाई."

कोळशी हा संत्र्याचा भयंकर रोग. पानं काजळी धरल्यासारखी काळी होतात आणि फळाची रया जाते. सासरे एकदम पुढे झाले. "थांब गा भैयाजी. बगीचा साफ हाय. चाल, आत्ता दाखवतो."

"आज नाई दिसणार, मंग दिसंन. दिवसभर एका जागी बसून पाहणाऱ्याची नजर वेगळी असते," भैयाजी म्हणाला आणि नारळ पिशवीत परत ठेवून चालता झाला.

आम्ही चौघे अंगणात उभे. आधी गोपिका हसली, मग सासूबाई. सासरे हसले नाहीत, पण आंघोळीचं पहिलं गरम पाणी त्यांनी माझ्यासाठी काढायला सांगितलं. दुपारी पाटवड्यांचा रस्सा झाला. मी तर हवेतच होतो. कालपासून बुडालेला बहार माझ्या कुंचल्यानं परत आणला होता. (दवाचा थोडा हातभार होता, पण मदतनीस कोणत्या कलावंताला नसतो?)

हा आनंद दोनच दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी सासरे काटोलच्या संत्र्यांच्या बाजारातून परत आले तेव्हा त्यांची टोपी हातात होती.

"सगळ्या बाजारात झालं. बाबारावच्या बगीच्याले कोळशी लागली. एकबी व्यापारी पाय ठेवायले तयार नाई. या म्हटलं, पाहा म्हटलं, तं म्हणतात, पाहून काय करता, तुमच्या जावयानंच सांगितलं. नागपूरचा मोठा आर्टिस्ट हाय म्हणतात."

"काय म्हणाले?" मी विचारलं. "मोठा आर्टिस्ट?"

गोपिकेनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं विचारलं नाही.

"आता एकच रस्ता हाय," सासरे खाली पाहत म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा ते मला काही मागत होते आणि त्यांना ते जड जात होतं. "उद्या तुमी बाजारात या, जावईबापू. आन चार लोकायसमोर सांगा, का तुमाले चित्र काढता येत नाही."

मी म्हटलं, हे मला जमणार नाही. मान वगैरे काही आहे की नाही? गोपिका म्हणाली, खरं सांगायले कशाची लाज? मी म्हटलं, ते खरं आहे हे कोणी ठरवलं? ती म्हणाली, चला, मी पण येते, बाजारात ठरवू. आणि आम्ही गेलो.

बाजाराच्या आवारात संत्र्यांचे ढीग लागले होते. सासऱ्यांनी मला एका कडुनिंबाखाली उभं केलं. मी घसा साफ करून म्हणालो, "मंडळी, मला चित्र काढता येत नाही." हे वाक्य म्हणायची वेळ दादाजींवरसुद्धा येऊ नये. आणि एवढं करून काय झालं? कोणी विश्वासच ठेवला नाही.

"बाबारावनं पढवून आणलं," एकजण म्हणाला.

भैयाजी पुढे आला. "बोलून काय होते? डबी आणली असंन तं काढून दाखवा. हे समोरचंच काढा."

डबी मी आणली होती. (ती मी तेव्हा झोपतानाही उशाशी ठेवायचो.) कोणीतरी स्टूल दिलं, कोणी लोटाभर पाणी आणलं. समोर कडुनिंब, त्याखाली बैलगाडी, संत्र्यांचे ढीग, मागे टेकाड. असा देखावा माणसाला जन्मात एकदा मिळतो, आणि भोवती शंभर माणसं पाहायला उभी.

गोपिका कानाशी वाकून म्हणाली, "जास्त चांगलं काढू नका."

इथे मी खरा पेचात पडलो. वाईट काढलं तर इंजिन येणार होतं. पण बोटांत कुंचला आला, कागदावर पाणी पसरलं, आकाशाचा निळा त्यात उतरायला लागला, आणि मला वाईट काढवेना. मनात म्हणत होतो, अरे बिघडव, सासऱ्यांकडे पाहा, त्यांच्या झाडांकडे पाहा. पण हात ऐकेना. पान न् पान काढलं. बैलांची शिंगं काढली. प्रत्येक संत्रं वेगळं काढलं. घाम पुसायलाही थांबलो नाही. चित्र संपलं तेव्हा मला कळून चुकलं की माझ्या आयुष्यातलं हे सर्वांत सुंदर चित्र आहे. मी बाबारावांचं वाटोळं केलं होतं.

मी उठलो. त्यांच्याकडे पाहायची हिंमत नव्हती. "मामाजी, माफ करा," मी म्हणालो. "मी खूप प्रयत्न केला. पण मला वाईट काढता आलं नाही."

आणि बोर्ड लोकांकडे वळवला.

भैयाजी जवळ आला. त्यानं कडुनिंबाकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं, पुन्हा कडुनिंबाकडे पाहिलं.

"हे काय हाय?"

"कडुनिंब."

"आन हे?"

"बैलगाडी."

"मले वाटलं जळालेली झोपडी."

मागून एक म्हातारा माणसं सारत पुढे आला. बैलगाडी त्याची होती. त्यानं डोळे बारीक करून चित्र पाहिलं आणि म्हणाला, "यायनं तं माह्या बैलालेबी कोळशी लावून देल्ली, बाप्पा."

मग जो हशा उठला तो थांबेचना. लोक एकमेकांच्या खांद्यावर डोकी ठेवून हसत होते. ज्याला मागून दिसत नव्हतं त्याला पुढे घेत होते. आणि हसता हसता सगळे सासऱ्यांभोवती गोळा व्हायला लागले. "बगीचा साफ हाय, बाबाराव. आता काही शंका नाई." तिथेच दुपट्टे पसरले. एक हात आत, एक हात बाहेर. मला दुपट्ट्याखालचं काही दिसलं नाही, पण सासऱ्यांचा चेहरा दिसत होता, आणि तो हळूहळू उजळत गेला. शेवटी बहार भैयाजीनंच घेतला. पाच बोटं आणि वर अंगठ्याचं अर्धं पेर.

माझं चित्र भैयाजीनं मागून घेतलं आणि आपल्या दुकानात लावलं. नारळही दिला, म्हणजे सत्कार झाला म्हणायला हरकत नाही.

निघायच्या दिवशी सासरे आम्हाला बसवर पोचवायला आले. विहिरीवर नवं इंजिन बसायचं नक्की झालं होतं. बस सुरू झाली तसे ते खिडकीशी आले, माझा हात दोन्ही हातांत धरला, आणि भरल्या आवाजात म्हणाले, "जावईबापू, पुढच्या बहारालेबी या. डबी घेऊन या. फक्त तोपर्यंत चित्रकला शिकून घेऊ नका."

मी काही बोलणार, तेवढ्यात गोपिका माझ्या अंगावरून खिडकीकडे वाकली.

"त्याची काळजी तुमी करू नका, बाबा," ती म्हणाली.